तटाच्या आतील मंदिरे आणि श्रावकाची यतना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सोनईच्या शेजारचे शिंगणापूर घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वदूर ओळखले जाते. या परिसरातील जैन कुटुंबे दिवाळीच्या सुटीत पूर्वजांच्या राजस्थानात जातात, तेव्हा जेसलमेरचा प्रचंड तट पाहून विस्मित होतात. इ. स. ११५६ मध्ये रावल जैसल यांनी वसविलेल्या या गडावर आजही लोकवस्ती आहे. त्या वस्तीतच सात जिनमंदिरांचा समूह उभा आहे.

ही मंदिरे प्रामुख्याने पंधराव्या-सोळाव्या शतकांतील. पिवळ्या वालुकाश्मातील पार्श्वनाथ मंदिराचे तोरण पाहताना दगडाचा कठीणपणा विसरायला होतो. संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींच्या नावाचे ज्ञानभांडार आहे. तेथे इ. स. १०६० मधील सचित्र ताडपत्री पोथी जतन झाली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजयजींनी या भांडाराची सूची व व्यवस्था लावण्यासाठी अपार कष्ट घेतले. श्रावक मूर्तिपूजक असो वा स्थानकवासी, श्रुतज्ञानाच्या या ठेव्यापुढे तो नतमस्तकच होतो.

मात्र ज्या टेकडीवर हा ठेवा आहे, तीच पाण्यामुळे संकटात आली. पूर्वी गडावरील लोक खालच्या गडीसर तलावातून पाणी वाहून आणत. त्यामुळे थेंबाथेंबाचे मोल सर्वांना ठाऊक होते. पुढे नळ आले, प्रवाशांसाठी निवासगृहे झाली आणि वापर कित्येक पटींनी वाढला. सांडपाणी टेकडीच्या ठिसूळ, मातकट थरांत मुरू लागले. पाया खचून काही बुरूज ढासळले. २०१३ मध्ये हा गड जागतिक वारशाच्या यादीत आला, तरी पाण्याची चिंता संपली नाही.

जैन धर्माने पाण्यातही जीव मानला. अप्कायाच्या जीवांची विराधना टळावी, म्हणून पाणी गाळून आणि बेताने वापरण्याचा संस्कार घरोघरी दिला जातो. तोच श्रावक सुटीवर असताना नळ मोकळा सोडत असेल, तर अप्कायाची विराधना आणि जिनमंदिराच्या पायाची हानी, दोन्हींचा दोष त्याच्याकडे येतो. यतना ही सामायिकाच्या आसनापुरती नसते, ती प्रवासातही सोबत न्यायची असते.

म्हणून यात्रिकाने मुक्काम गडाखालच्या शहरात करावा. कोरीवकामाला हात लावू नये. मंदिराच्या वेळा व मर्यादा पाळाव्यात. छायाचित्रांच्या घाईत दर्शन हरवू देऊ नये. मुलांना तोरणाइतकेच ज्ञानभांडाराचे महत्त्व सांगावे. घरी परतल्यावर कपाटात, माळ्यावर पडलेल्या जुन्या पोथ्यांची धूळ झटकून त्या कोरड्या जागी ठेवाव्यात. यात्रेचे खरे पुण्य तेथूनच सुरू होते.

पूर्वजांनी शतकानुशतके जपलेले पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविणे, हाच सुवर्णमहोत्सवाचा संकल्प ठरो.

जय जिनेंद्र!