अंडे उकडण्याची साधी रीत



या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण यांवरील व्याख्याने आपण ऐकता. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमचा आजचा विषय अंडे कसे उकडावे हा आहे. आपण हसलात, त्याला हरकत नाही. परंतु एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि अंगमेहनत करणाऱ्याला ती हवीतच. पहिल्या पाळीच्या घरात पहाटे वेळ थोडा, आणि १४.२ किलोचा सिलिंडर जपून वापरायचा. म्हणून रीत माहीत हवी.

अंड्यातला पांढरा भाग ६२-६५ अंशांच्या सुमारास आळू लागतो, बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. पाणी उकळते १०० अंशांना. एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवा, पाणी अधिक तापत नाही. नुसती वाफ होते. म्हणजे खळखळाटासाठी जाळलेला गॅस फुकट जातो.

तेव्हा चार-सहा अंडी असतील तर ती बुडून वर बोटभर पाणी राहील असे पातेले घ्यावे. उकळी आली की गॅस बंद करावा, घट्ट झाकण ठेवावे आणि १२ मिनिटे हात लावू नये. अंडी एक-दोनच असतील तर थोडे पाणी लवकर निवते. तिथे वाफेची रीत बरी. तळाशी बोटभर पाणी उकळावे, त्यात अंडी ठेवून झाकावे आणि मंद आचेवर १२ मिनिटे राहू द्यावे. वाफ उकळत्या पाण्याइतकीच गरम असते, आणि थोडे पाणी थोड्या गॅसवर तापते.

मग अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत. फार वेळ शिजलेल्या बलकाभोवती हिरवट कडे येते. त्यातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक एकत्र आल्याने ते होते. त्यात अपाय काही नाही. अगदी ताज्या अंड्याचे साल नीट सुटत नाही, म्हणून उकडायला चार-पाच दिवसांचे अंडे घ्यावे.

आता मुद्द्याचे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली. घरातल्या बाईच्या कामाला मात्र अजून ना भोंगा, ना रविवार. पहिले अंडे कमावत्याच्या ताटात, दुसरे मुलाच्या. तिच्या वाट्याला येते ते पातेले घासणे. जी रीत १२ मिनिटांची आहे आणि त्यातही बहुतेक वेळ नुसते थांबायचे आहे, ती पुरुषाला जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

तेव्हा उद्या सकाळी पातेले पुरुषांनी चढवावे, आणि त्यात अंडी टाकताना घरातली सगळी माणसे मोजावीत. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.