शब्दार्थाची वही आणि शब्दांची ओळख
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मराठी शाळेत उत्तम गुण मिळविलेला आपला विद्यार्थी शास्त्र किंवा वैद्यक शाखेकडे जातो आणि तेथील इंग्रजी ग्रंथांपुढे नाउमेद होतो, हे आपण अनेक घरी पाहतो. पुष्कळदा विषय त्याच्या आवाक्यातला असतो. शब्द मात्र परके वाटतात. मग वडील शब्दार्थांची वही करवून रोज वीस शब्द पाठ करवितात. या उपायाविषयीच मला थोडे बोलावयाचे आहे.

अशी वही मीही घोकली आहे. तीत 'फेअर' म्हणजे जत्रा, एवढेच लिहिले होते. परीक्षेत 'फेअर प्राइस शॉप' आले, तेव्हा मी बेधडक 'जत्रेतील किमतीचे दुकान' असे भाषांतर ठोकून दिले. ज्या रास्त भावाच्या दुकानातून आमच्या घरी दरमहा धान्य येई, त्याचेच ते नाव होते!

वस्तुतः शब्दांची कुळे ओळखण्याची सवय आपल्याला मराठीनेच लावली आहे. 'नी' म्हणजे नेणे, या एका संस्कृत धातूपासून निर्णय, विनय, अभिनय, परिणय असे किती शब्द झाले! लॅटिनमधील 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे. त्यापासून आत आणणे तो इम्पोर्ट, बाहेर नेणे तो एक्सपोर्ट, पलीकडे नेणे तो ट्रान्सपोर्ट, खालून भार वाहणे तो सपोर्ट. आणि स्टेशनावरचा पोर्टरही याच कुळातला. बंदर या अर्थाचा 'पोर्ट' मात्र 'पोर्टुस' या निराळ्या शब्दापासून आला आहे. तेव्हा कूळ पाहून अर्थाचा तर्क करावा, पण पडताळा वाक्यात आणि कोशात घ्यावा.

मोल्सवर्थसाहेबांनी पंडितांच्या साहाय्याने आपले शब्द वेचून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. नुसता प्रतिशब्द देऊन ते थांबले नाहीत. शब्द कोठे व कसा योजतात हेही त्यांनी ठिकठिकाणी सांगितले. परक्या मनुष्याने आपल्या भाषेसाठी एवढे श्रम घेतले, तर आपल्या मुलांनी रोज पाच शब्द वाक्यासह लिहिणे काही जड नाही. वीस नकोत.

आणि भगिनींनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. संध्याकाळी मुलाला ते वाक्य वाचावयास सांगा आणि एवढेच विचारा, "म्हणजे काय रे? मला मराठीत सांग." सांगताना तो अडखळला, तर तो शब्द त्याला अजून आलेला नाही असे समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.