चोरीचा माल आणि दुकानदाराची वही



आम्ही कामगार संघटनेची माणसे. मजुरी, बोनस, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. आज जुन्या मालाच्या दुकानांविषयी आम्ही का बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. सधन माणसाचा मोबाईल चोरीस गेला तर त्याची गैरसोय होते; मजुराचा गेला तर त्याचा रोजगार बुडतो. मुकादमाचा निरोप त्याच यंत्रावर येतो आणि मजुरीचे पैसे जमा झाल्याचेही त्यावरच कळते. गेलेल्याच्या जागी तो दुसरा घेतो, तोही बहुधा जुनाच. म्हणजे ज्याची वस्तू या बाजारात जाते तोही आमचा, आणि जो ती विकत घेतो तोही आमचाच.

चोर मोबाईल चोरतो तो वापरण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. विकत घेणाराच नसेल तर दहा मोबाईल घेऊन तो काय करील? आपल्या चोपडे तालुक्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. केळीच्या मळ्यातली पंपाची केबल रातोरात कापली जाते, जाळून तिचे तांबे काढले जाते, आणि ते तांबे कोणाच्या तरी काट्यावर चढतेच. चोरीचे मूळ मळ्यात शोधायचे तसे त्या काट्यावरही शोधले पाहिजे.

कायदा नाही असे नाही. भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम सांगते की, माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, जो तो घेतो त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि जो हाच धंदा करतो त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण त्याला ठाऊक होते हे सिद्ध कसे करावयाचे? दुकानात वही नाही, पावती नाही. लबाड दुकानदार त्यामुळे सुटतो, आणि प्रामाणिक दुकानदाराजवळही आपला प्रामाणिकपणा दाखवायला कागद नसतो. गिऱ्हाइकाची गत तर आणखी वाईट. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे चोरीच्या वस्तूवर सामान्यतः विकत घेणाऱ्याची मालकी येतच नाही. त्याने घाम गाळून मिळविलेले पैसे मोजलेले असतात. तरी वस्तू जाते, पैसेही जातात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

सरकारने स्वतःच्या मालाची काळजी मात्र केव्हाच घेतली. तारायंत्राच्या तारांसाठी १९५० साली आणि रेल्वेच्या मालासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदे झाले. रेल्वेचा चोरीचा म्हणून संशय असलेला माल कोणाजवळ सापडला, तर तो रीतसर मिळाला हे त्यानेच सिद्ध करावयाचे. भुसावळच्या रेल्वे कामगारांना हा कायदा चांगला परिचित आहे. रेल्वेच्या रुळाला जे संरक्षण, ते मजुराच्या मोबाईलला नको काय? सिद्ध करण्याचा असा भार प्रत्येक दुकानदारावर टाका, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही फक्त वही मागतो.

मोबाईलच्या बाबतीत मार्ग थोडा मोकळा झाला आहे. प्रत्येक यंत्राला पंधरा आकडी ओळखक्रमांक असतो. *#०६# दाबले की तो दिसतो. चोरीची तक्रार देऊन तो क्रमांक केंद्रीय नोंदवहीत बंद करविता येतो. मग देशातील कोणत्याही कंपनीच्या सेवेवर ते यंत्र चालत नाही. हा प्रयोग २०१९ साली मुंबईत सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये देशभर लागू झाला. २०२५ च्या दूरसंचार नियमांनी तर जुन्या मोबाईलच्या व्यापाऱ्यावर हा क्रमांक बंद यादीशी ताडून पाहण्याचे बंधन घातले. नियम चांगला आहे. तो आडबाजूच्या टपरीपर्यंत पोचला पाहिजे. पण लॅपटॉप, टीव्ही, इन्व्हर्टर यांचे काय? त्यांच्यावर कारखान्याचा क्रमांक असतो, पण त्यांच्यासाठी अशी नोंदवही नाही. तेथे दुकानदाराची वही हाच एक पुरावा.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आहेत. जुना माल घेताना वस्तूचे वर्णन, तिचा क्रमांक, विकणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. ओळखपत्र पाहावे, पण त्याच्या नकलांचा ढीग दुकानात साठवू नये. त्यातून दुसरी चोरी जन्मते. मोठी रक्कम रोख देऊ नये. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार रोखीने घेण्यास बंदीच आहे. घेतलेली वस्तू काही दिवस तशीच ठेवावी, लगेच मोडू किंवा विकू नये. आणि गिऱ्हाइकाला पावती द्यावी. माल चोरीचा निघाल्यास पैसे परत करण्याची हमी त्या पावतीवरच असावी.

कोणी म्हणतील, तुम्ही गरिबांचे कैवारी आणि गरीब टपरीवाल्यामागे नवा इन्स्पेक्टर लावता! आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. नियम असा असावा की त्यातून हप्ता निघू नये. नोंदणी फुकट असावी. पोलिसांनी वही पाहावी, पण लेखी पोच दिल्यावाचून वही किंवा माल उचलू नये. ज्याची वही चोख आहे, त्याला सद्हेतूने घेणारा मानावे. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. आज चौकशी आली की प्रथम ठाण्यावर जातो तो दुरुस्ती करणारा, रोजंदारीवर असलेला पोरगा. मालक घरी असतो. खरेदीचा निर्णय मालकाचा, नफा मालकाचा, तर जबाबदारीही मालकाचीच, हे नियमात स्पष्ट लिहिले पाहिजे.

शेवटी आपणा श्रोत्यांकडेही एक मागणे आहे. निम्म्याहून कमी किमतीत, खोक्यावाचून, पावतीवाचून वस्तू मिळते तेव्हा आपण मनातल्या मनात खूश होतो आणि प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न विचारा. पावती मागा. क्रमांक तपासा. गिऱ्हाईक कागद मागू लागले की दुकानदार वही ठेवू लागतो, मग सरकारी हुकूम येवो वा न येवो.