पत्ता न जुळलेली विनंती

दूरध्वनीवर चुकीचा क्रमांक फिरवला गेला, तर तो क्रमांक अस्तित्वात नसल्याचे एक ध्वनिमुद्रित आवाज सांगतो. क्रमांक बरोबर असून पलीकडचा फोन बंद असेल, तर तोच आवाज निराळे वाक्य बोलतो. पलीकडचा माणूस दुसऱ्याशी बोलत असेल, तर तिसरे. तिन्ही वेळा पदरी नकारच येतो. परंतु पहिल्या नकारानंतर वही उघडून क्रमांक तपासायचा असतो, दुसऱ्यानंतर सायंकाळी पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो आणि तिसऱ्यानंतर पाच मिनिटे थांबले की पुरते. नकार नेमका असला म्हणजे माणसाची पुष्कळ पायपीट वाचते.

संगणकांच्या परस्परव्यवहारातही हा प्रश्न नित्य उभा राहतो. एका प्रणालीने दुसरीकडे ठरलेल्या शब्दांत मागणी करावी आणि ठरलेल्या शब्दांत उत्तर घ्यावे, अशा बोलीला एपीआय म्हणतात. हातातल्या फोनवर आगगाडीचे वेळापत्रक पाहणे, तिकीट काढणे व पैसे भरणे ही कामे एकाच पडद्यावर होतात. मागे ती करणाऱ्या यंत्रणा मात्र वेगवेगळ्या असतात. त्या सर्वांच्या पुढे जे एकच दार असते, ते एपीआय गेटवे. जुन्या वाड्याची देवडी म्हटले तरी चालेल. देवडीवरचा माणूस आलेल्याचे काम विचारी आणि कोणाला सदरेवर, तर कोणाला पागेकडे धाडी. गेटवेही विनंती कोणाच्या नावे आली, कोणत्या वाटेने जाऊ पाहते आणि तिला काही वाचावयाचे आहे की काही सादर करावयाचे आहे, हे पाहतो आणि हातातल्या नियमांच्या यादीशी ते ताडून तिला योग्य त्या यंत्रणेकडे पोचवतो.

आता यादीतला एकही नियम जुळला नाही तर? अशा विनंत्या येतातच. पत्त्यातले एखादे अक्षर चुकलेले असते. यंत्रणेची वाट बदललेली असते, पण कोणाच्या तरी जुन्या फोनवरचे तीन वर्षांपूर्वीचे ॲप अजून जुन्याच वाटेने येत असते. काही पाहुणे तर भिंतीला कोठे खिंडार आहे का, हे चाचपण्यासाठीच फिरत असतात. या सर्वांसाठी यादीच्या अखेरीस जो नियम लिहून ठेवतात, त्याला पर्यायी वाट, म्हणजे फॉलबॅक, म्हणतात. तो लिहावयाचा विसर पडला म्हणून यंत्र गप्प बसते असेही नाही. एन्जिनएक्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये अनोळखी नावाने आलेल्या विनंतीसाठी काही ठरवून दिलेले नसेल, तर त्या पोर्टावरच्या यादीत जो पहिला असेल, त्याच्याच गळ्यात ती पडते. निर्णय कोणीच घेतला नाही, तरी निर्णय होतो.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे ४०४ हा क्रमांक परत करणे : अशी जागा येथे नाही. याच्या शेजारी काही भावंडे आहेत. वाट आहे पण ही क्रिया तिच्यावर चालत नाही, यासाठी ४०५. जागा होती, ती कायमची मोडली, यासाठी ४१०. जागा आहे पण सध्या सेवा देऊ शकत नाही, यासाठी ५०३. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या मानकात यांचे अर्थ स्पष्ट दिलेले आहेत. तरीही घोटाळे होतात. ॲमेझॉनच्या गेटवेच्या एका प्रकारात अस्तित्वात नसलेली वाट मागितली, तर मूळच्या मांडणीत उत्तर येते ते ४०३, आणि सोबत ओळखचिठ्ठी नसल्याची तक्रार. हे उत्तर बदलून घेता येते. पण ज्याला ठाऊक नाही, तो बिचारा किल्ली हुडकत बसतो, आणि तेथे दारच नसते!

याहून वाईट प्रकार सौजन्याच्या पोटी जन्मतो. पाहुण्याला ‘नाही’ कसे म्हणावयाचे, म्हणून कित्येक ठिकाणी न जुळलेली प्रत्येक विनंती मुखपृष्ठाकडे वळवतात. माणूस वाचत असेल तर फारसे बिघडत नाही. पण एखाद्या जुन्या ॲपने शेतकऱ्याचा भरलेला अर्ज मोडलेल्या वाटेने सादर केला, असे समजा. गेटवेने ३०२ म्हणून त्याला मुखपृष्ठाकडे वळवले. जुन्या वहिवाटीमुळे अशा वळणावर सादर करण्याची क्रिया बदलून नुसती वाचण्याची होते. मानकालाही ती मुभा द्यावी लागली आहे. ३०७ आणि ३०८ हे क्रमांक मागाहून आले ते क्रिया जशीच्या तशी राहावी म्हणूनच. तेव्हा अर्जातला मजकूर त्या वळणावरच गळून पडतो, मुखपृष्ठ निर्वेधपणे मिळते आणि त्यासोबत २००, म्हणजे ‘सर्व ठीक’. ॲप तेवढाच आकडा पाहून अर्ज पोचल्याचे सांगते. शेतकरी निर्धास्त, कचेरीत कागद नाही, आणि ज्या कारकुनाला पुढे जाब विचारतील त्याच्या दप्तरात या अर्जाची साधी ओळसुद्धा नाही.

माणसांच्या कचेऱ्यांसाठी कायद्याने हा प्रश्न अधिक जबाबदारीने सोडवला आहे. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार, मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर आलेला अर्ज तिकडे वर्ग करावा लागतो, तोही उशिरात उशिरा पाच दिवसांत, आणि तसे अर्जदाराला तत्काळ कळवावे लागते. यातले कळवणे महत्त्वाचे. पर्यायी वाटेने विनंती पुढे धाडणे गैर नव्हे, गुपचूप धाडणे गैर.

पुढे धाडण्याचा एक चांगला उपयोगही आहे. मोठी जुनी यंत्रणा एका रात्रीत बदलता येत नाही. मग एकेक काम नव्या यंत्रणेकडे सोपवीत जातात आणि जी वाट अजून नव्या यादीत नाही, ती पर्यायी नियमाने जुन्या यंत्रणेकडे जाते. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली या पद्धतीला दुसऱ्या झाडावर वाढून त्याला वेढून टाकणाऱ्या वडाच्या जातीचे नाव दिले. जुन्या देवळाच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ पाहिलेल्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. मात्र हा सर्वसमावेशक नियम यादीच्या तळाशीच हवा. नियम क्रमाने तपासणाऱ्या गेटवेत तो वर चढला, की खालच्या सर्व नियमांना गिळून टाकतो. शिवाय जुन्या यंत्रणेत विसरलेल्या खोल्या असतात. सगळेच तिकडे जाऊ दिले, तर त्या खोल्यांची दारेही रस्त्यावर उघडतात. वापरात असलेल्या वाटांची नीट यादी नसणे, हा दोष ओवास्प या संस्थेच्या एपीआय-सुरक्षेवरील २०२३ च्या दहा धोक्यांच्या यादीत नववा आहे.

म्हणून न जुळलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवावी, आणि ती कोणीतरी वाचावी. एकच चुकीची वाट एकाच जुन्या ॲपकडून वारंवार मागितली जात असेल, तर ती चूक मागणाऱ्याची राहत नाही. वाट बंद होण्याची तारीख आधी कळवण्यासाठी २०१९ च्या आरएफसी ८५९४ ने ‘सनसेट’ नावाचे शीर्षकही पुरवले आहे.

ती तारीख ठरवताना नोंदवहीचा महिन्याचा उतारा पुरत नाही. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील वृद्धांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. असा दाखला स्वीकारणाऱ्या एखाद्या जुन्या वाटेवर डिसेंबरपासून सप्टेंबरपर्यंत चिटपाखरू फिरकले नाही, म्हणून कोणी उत्साही अभियंत्याने सप्टेंबरअखेर ती मोडून टाकली, तर तिच्यावर पहिली विनंती येईल ती ऐंशी ओलांडलेल्या कोणाची तरी. आणि त्या वेळी गेटवेने ‘सर्व ठीक’ म्हटले की ‘ही वाट बंद झाली, नवी अमुक आहे’ असे सांगितले, यावर पुढचे निवृत्तिवेतन अवलंबून राहील.