रातपाळी आणि झोप
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या काळाचौकीने गिरण्यांच्या तिन्ही पाळ्यांचे भोंगे ऐकले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. रातपाळी मात्र संपली नाही. आज ती परळच्या इस्पितळांतल्या परिचारिका करतात, पहारेकरी करतात. सकाळी घरी येऊन निजलेल्या माणसाला 'दिवसाढवळ्या लोळतो' असे आपण सहज बोलून जातो. ते योग्य आहे काय?

झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व डोळे जड होतात. चहातले कॅफीन त्याचे काम तेवढ्यापुरते अडवते. म्हणून तरतरी येते, पण झोपेची उणीव भरून निघत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे २०,००० पेशींचे हे घड्याळ आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते लागते आणि दिवसा 'जागे राहा' असेच बजावते. म्हणून रातपाळीवाल्याची दिवसाची झोप अपुरी व तुटक होते. हा आळस नव्हे, देहाचा धर्म आहे.

तेव्हा एकच खोली असली तरी तिला जाड पडदा लावा, आवाज बेताचा ठेवा. आणि रातपाळी करणारी सून असेल, तर आल्या पावली तिच्या हाती पोळपाट देऊ नका. मुलाची झोप आपण जपतो. तेच घड्याळ सुनेच्याही मेंदूत आहे, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.