झाशीच्या चौकात बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यास



मराठी माणसाच्या मनात झाशीचे नाव १८५७ शी इतके घट्ट जोडले गेले आहे की त्या शहराकडे अन्य नजरेने पाहणे अवघड जाते. तेथील टेकडीवरचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंहदेव यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांचे सरदार नारो शंकर यांनी तो वाढविला आणि त्या वाढीव भागास शंकरगढ हे नाव मिळाले. म्हणजे राणी लक्ष्मीबाईंनी किल्ला लढविला त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी मराठी माणसाने तेथे मोठे बांधकाम हाती घेतले होते. दगड कोठून आला, चुना कोणी मळला, मजुरीचा हिशेब कोणी ठेवला, हे इतिहास क्वचितच सांगतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच दुर्लक्षित भाग आहे : काम उभे कसे राहते, वेळेवर का राहत नाही, आणि ही विद्या महाविद्यालयात कशी शिकविली जावी.

यासाठी झाशीच का, असा प्रश्न सहज पडेल. राष्ट्रीय महामार्ग विकास कार्यक्रमातील उत्तर-दक्षिण मार्गिका श्रीनगरहून कन्याकुमारीस जाते, पूर्व-पश्चिम मार्गिका सिल्चरहून पोरबंदरला. या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात त्या झाशीत. शहरापासून काही कोसांवर बेतवा नदीवर एकोणिसाव्या शतकातील पारीछाचा बंधारा आहे आणि त्याच परिसरात औष्णिक वीज केंद्र आहे. शेजारच्या ललितपूर जिल्ह्यात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पर्वात उभे राहिलेले माताटीला धरण आहे. चित्रकूट ते इटावा हा २९६ किलोमीटरचा बुंदेलखंड द्रुतगती मार्ग जुलै २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तोही शेजारच्या जालौन जिल्ह्यातून जातो. आणि शहरात १९८६ मध्ये स्थापन झालेली बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, जेथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. दीडशे वर्षांच्या सार्वजनिक बांधकामाचे असे नमुने एका दिवसाच्या अंतरात सापडणे ही स्थापत्याच्या विद्यार्थ्यासाठी मोठी सोय आहे.

आपल्या देशात अभियांत्रिकी शिक्षणाचा जन्मच मुळी कामाच्या शेजारी झाला. गंगा कालव्याचे काम चालू असताना त्यासाठी माणसे हवीत म्हणून रुडकीचे महाविद्यालय १८४७ मध्ये निघाले. पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला तोही सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी. पुढे महाविद्यालये वाढली, अभ्यासक्रम विस्तारले आणि त्याच प्रमाणात वर्ग कामापासून दूर सरकला. बांधकामाचे व्यवस्थापन ही स्वतंत्र शिकण्याची गोष्ट आहे, ही जाणीव बरीच उशिरा आली. १९८३ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च, अर्थात निकमार, ही संस्था स्थापन झाली आणि पुणे तिचे मुख्य केंद्र बनले. आज पदवीच्या अभ्यासक्रमातही हा विषय असतो. मात्र बहुतेक ठिकाणी त्याचे स्वरूप गणिताचे आहे. बाण, वर्तुळे, दिवसांची बेरीज आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा.

हे गणित निरर्थक नाही. एक साधी स्लॅबची मोरी घ्यावी. खोदाईस ५ दिवस, पायाच्या काँक्रीटला ३, दोन्ही बाजूंच्या आधारभिंतींना १२, सेंट्रिंग लावणे आणि सळई बांधणे यांस ६, स्लॅब ओतण्यास १, पाणी मारण्यास १४ आणि भरावास ५, असे एकूण ४६ दिवस होतात. सळई आणून, कापून, वाकवून ठेवण्यास १० दिवस लागतात. पण हे काम पहिल्या २० दिवसांत केव्हाही करता येते, म्हणजे त्यास १० दिवसांची सवड आहे. सळई ९ दिवस उशिरा आली तर कोणाचेही बिघडत नाही. ती १२ दिवस उशिरा आली तर संपूर्ण काम २ दिवस लांबते. खोदाई मात्र एक दिवस रखडली तरी मोरी एक दिवस रखडते. ज्या कामांना सवडच नाही त्यांची साखळी म्हणजे निर्णायक मार्ग. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत आकारास आली. पुढील वर्षी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून पर्ट ही तिची भावंड शोभेल अशी पद्धत निघाली.

आता हीच मोरी झाशीजवळ १ मे रोजी सुरू करावी. कागदावर ती १५ जूनला पूर्ण होते, आणि बुंदेलखंडात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या उत्तरार्धात पोचतो. म्हणजे जेमतेम आठवड्याभराची फुरसत आहे. काम दहा दिवस लांबले तर भरावाची माती पावसात टाकावी लागेल आणि तिची कुटाई नीट होणार नाही. ती पुढच्या वर्षी खचेल, व दोष स्लॅबच्या माथी मारला जाईल. दिवसांच्या बेरजेला हवामान जोडले की त्याच गणिताचा अर्थ बदलतो.

पाणी मारण्याचे १४ दिवस हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते; उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. मे महिन्यात झाशीत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि खडकाळ भागातील विहिरी तळ गाठतात. गावातील स्त्रिया हातपंपावर रांग लावून उभ्या असताना स्लॅबवर पाणी ओतणारा बिगारी गावकऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो, आणि ते स्वाभाविक आहे. मग पाणी मारणे पाचव्या दिवशी थांबते. मोजमाप पुस्तकात याची नोंद कोठेही होत नाही, कारण ओलाव्याचे माप त्या पुस्तकात घेतले जात नाही. काँक्रीटची ताकद मात्र कमी राहते. यावर उपाय आहेत : गोणपाट अंथरणे, स्लॅबवर मातीचे वाफे करणे, काँक्रीट भल्या पहाटे ओतणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याच्या टँकरचा खर्च अंदाजपत्रकातच धरणे. जो विद्यार्थी टँकरची ओळ अंदाजपत्रकात लिहितो, त्याला हा विषय समजू लागला असे मानावे. ज्याला ती सुचत नाही त्याचे जाळे कितीही अचूक असले तरी ते कागदावरच राहते.

अनिश्चिततेचेही तसेच आहे. पर्ट पद्धतीत प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात : सर्व सुरळीत झाले तर, साधारणपणे, आणि सर्व बिघडले तर. समजा हे अंदाज अनुक्रमे ६, ९ आणि २४ महिने आहेत. मधल्याला चौपट वजन देऊन ६ ने भागले की ११ महिने येतात. वर्गात हे उदाहरण दोन मिनिटांत सुटते. पण २४ हा आकडा कोणी आणि कशावरून धरला? कोकण रेल्वेच्या कामात गोव्यातील पेडणे बोगद्याने याचे उत्तर दिले आहे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्यासारखा नेता लाभला, कठीण खडकातून बोगद्यांमागून बोगदे पार झाले. पेडण्याच्या मऊ, पाझरत्या मातीने मात्र सर्वांची परीक्षा पाहिली, आणि संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. वाईट अंदाज धरण्यास भूगर्भाचे ज्ञान लागते, अनुभवी मुकादमाचे ऐकण्याची तयारी लागते आणि वरिष्ठांसमोर अप्रिय आकडा ठेवण्याचे धैर्यही लागते. हे तिसरे कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नसते.

शिवाय मोठ्या प्रकल्पांचा निर्णायक मार्ग पुष्कळदा कामाच्या जागेवरून जातच नाही, तो फायलींतून जातो. नागपूरहून झाशीकडे जाणाऱ्या याच उत्तर-दक्षिण मार्गिकेवर पेंच व्याघ्र प्रकल्पालगतचा टप्पा वन व वन्यजीवविषयक परवानग्यांसाठी वर्षानुवर्षे अडला, आणि अखेरीस वन्यप्राण्यांना खालून जाता यावे अशी उन्नत बांधणी करून तो पूर्ण झाला. हा विलंब निव्वळ नुकसान होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ती बांधणी पहिल्याच आराखड्यात असती तर किती वर्षे वाचली असती, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावयास हवा. सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांचे अहवाल प्रसिद्ध करीत आले आहे. त्यांत विलंबाची जी कारणे पुनःपुन्हा येतात, त्यांत भूसंपादन, वन व पर्यावरणविषयक मंजुरी आणि कामाच्या व्याप्तीत झालेले बदल ठळक आहेत.

याचे बुंदेलखंडातील सर्वांत मोठे उदाहरण केन-बेतवा जोड प्रकल्प होय. केंद्र, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश यांच्यात पहिला सामंजस्य करार ऑगस्ट २००५ मध्ये झाला. अंमलबजावणीचा करार झाला २२ मार्च २०२१ रोजी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४४,६०५ कोटी रुपयांच्या, आठ वर्षांच्या कार्यक्रमास मंजुरी दिली, आणि पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे झाली. दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण आणि तेथून बेतवेच्या खोऱ्याकडे २२१ किलोमीटरचा कालवा, असे त्याचे स्वरूप आहे. पहिला करार झाला त्या वर्षी जन्मलेला मुलगा पायाभरणीच्या वेळी अभियांत्रिकीच्या वर्गात बसला होता. या १९ वर्षांत पाणीवाटपाचा वाद, पन्ना व्याघ्र प्रकल्पातील बुडणारे जंगल, उठवावी लागणारी गावे, हे सारे होते. यांपैकी प्रत्येक बाब दिवसांत मोजणे शक्य नाही. पण जाळ्यात तिला वर्तुळच न देणे हा त्याहून मोठा दोष होय.

आणि मजूर? अभ्यासक्रमात तो 'मनुष्यबळ' या शब्दात मावतो. बुंदेलखंडातून हजारो कुटुंबे दरवर्षी दिल्ली, गुजरात, महाराष्ट्रातील बांधकामांवर जातात. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात झाशीजवळील रक्सा येथे, दोन राज्यांच्या सीमेवर, ट्रकांतून आणि मिळेल त्या वाहनाने महाराष्ट्रातून परतणाऱ्या श्रमिकांची प्रचंड गर्दी झाली होती. मुंबई-पुण्याच्या इमारतींचे सेंट्रिंग लावणारे हात तेथे रणरणत्या उन्हात थांबलेले देशाने पाहिले. इमारत व अन्य बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी ही त्याची दोन अंगे होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये त्या तरतुदी सामावल्या आहेत. नव्वद दिवसांचा दाखला कोण देतो, मालक बदलत राहिला तर तो मिळतो कसा, हजेरीपटावर नवऱ्याचे नाव असते तेव्हा शेजारी पाट्या वाहणाऱ्या बायकोचे असते काय, हे प्रश्न व्यवस्थापनाचेच आहेत. शनिवारी मजुरी चुकली की सोमवारी माणसे येत नाहीत, हे प्रत्येक कंत्राटदार जाणतो. निर्णायक मार्गाच्या पाठ्यपुस्तकात मात्र शनिवार येत नाही.

झाशीतल्या किंवा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाला यासाठी नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना जवळचे एक पूर्ण झालेले छोटे सार्वजनिक काम द्यावे : एखादी मोरी, शाळेची खोली, पाण्याची टाकी. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीची पत्रे व अंतिम देयक ही कागदपत्रे खात्याकडून रीतसर मागवावीत. ती सहज न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच, आणि अर्ज लिहिणे हेही शिक्षणच आहे. मग ठरलेले जाळे व घडलेले जाळे एकाखाली एक काढावे. दोहोंत जेथे फरक दिसेल तेथे शाखा अभियंता, कंत्राटदाराचा मुकादम आणि गावातील एक माणूस, अशा तिघांना वेगवेगळे विचारावे. तिघे तीन कारणे सांगतील. ती तिन्ही अहवालात लिहावीत, आणि मे महिन्यात त्या जागी पाणी कोठून आणले होते हेही विचारून घ्यावे.