हौसेला मोल असतं



‘हौसेला मोल नाही’ असं आपण सहज बोलून जातो. माझा अनुभव असा, की ही म्हण सांगणारा माणूस एक तर काहीतरी विकत असतो, नाहीतर नुकतंच काहीतरी विकत घेऊन बसलेला असतो. आज या म्हणीचा हिशेब मला एका गाडीवर मांडायचा आहे. गाडी आहे थार. शोरूममधली नवी नव्हे, तर २०१० ते २०२० या दहा वर्षांतली जुनी.

सातपूरला राहणाऱ्या माणसाची गाड्यांपासून सुटका नाही. आमच्याकडे बसथांब्याला, चौकाला कारखान्यांची नावं आहेत. बोलेरो नाशिकची, २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ नाशिकची, आणि २०२० पासूनची नवी थारही नाशिकचीच. कुणाचा मेहुणा पेंट शॉपमध्ये, कुणाचा भाचा सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. त्यामुळे इथं चहाच्या टपरीवरसुद्धा गाडीबद्दल बोलताना माणसं ‘सुंदर आहे’ एवढ्यावर थांबत नाहीत, तिच्या पत्र्याची जाडी काढतात.

आता थारला मी स्पोर्ट्स कार म्हटलं, तर जाणकार हसतील. त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीला टेकलेली, बाणासारखी गाडी असते. जपानच्या माझदा कंपनीनं १९८९ मध्ये मियाटा नावाची अशी एक छोटी गाडी आणली. दोन माणसांची जागा, उघडणारा टप, आणि किंमत मध्यमवर्गीयाला झेपेल अशी. तिचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले, आणि जुन्या मियाटा आजही तिकडे हौसेनं घेतल्या जातात. आपल्याकडे तशी गाडी रुजली नाही. कशी रुजणार? आमच्या एमआयडीसीतल्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं असतं. म्हणून आपली हौस उंच चाकांवर चढली. पण बाकीची लक्षणं तीच बघा: दोनच दारं, काढता येणारा टप, मागं नावापुरती जागा, सामान ठेवायची पंचाईत, आणि तरीही चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू. गरजेपेक्षा जिच्यात आनंद जास्त, ती माझ्या लेखी स्पोर्ट्स कार.

तिचं घराणं मात्र हौसेचं नाही, लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलिज जीप, आणि ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला घेणारी महिंद्रा कंपनी. १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इकडे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ अशी आद्याक्षरं छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा ‘एम’ तसाच ठेवला, असा किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, मला तो आवडतो. देश तुटला तरी लेटरहेड वाचलं! असो.

त्याच जीपची नात म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये आलेली थार. तिच्या सीआरडीई मॉडेलमध्ये अडीच लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं, चारही चाकांना ताकद देण्याची सोय होती आणि मागं पाट्यांचं सस्पेन्शन. किंमत त्या वेळी साधारण सहा लाख. या आकड्याला इतकी ताकद आणि फोर बाय फोर देणारी दुसरी नवी गाडी बाजारात शोधून सापडली नसती. आता त्या पहिल्या गाड्या पंधरा वर्षांच्या झाल्या. म्हणूनच हा हिशेब मांडायची वेळ आली आहे.

‘हौस’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ शब्द ‘हवस’. उर्दूत आजही ‘हवस’ म्हटलं की लोभ, वासना, न भागणारी भूक असा अर्थ होतो. भल्या माणसाबद्दल तो शब्द कुणी वापरणार नाही. मराठीत येता येता तो इतका सोज्वळ झाला, की आपण बारशाला, डोहाळजेवणालाही हौस म्हणतो. या दोन भाषांच्या मध्ये उभं राहिलं, की कोणत्याही खरेदीच्या वेळी दोन्ही अर्थ ऐकू येतात. गंमत म्हणजे ‘गरज’ आणि ‘किंमत’ हे शब्दही त्याच वाटेनं मराठीत आले आहेत.

आमच्या कॉलनीतला एक तरुण गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडे आला. अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. “चाचा, २०१२ ची थार मिळतेय. सव्वापाच लाख. घेऊ का?” मी गाडीतला तज्ज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस. मला विचारण्याचं कारण एवढंच, की त्याच्या वडिलांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं, मी ‘नको’ म्हणेन या खात्रीनं. कारण सव्वापाचातले दोन लाख त्यांच्या ग्रॅच्युइटीतले होते. उरलेलं कर्ज. घरात आई-वडील, बायको, चार वर्षांची मुलगी आणि एक मोटारसायकल. तो म्हणत होता, “घरच्यांसाठीच घेतोय, चाचा.”

मी नाही म्हटलं नाही. आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट गाडीच्या बाजूनं. साधी मोटार पहिल्या पाच-सात वर्षांत निम्म्यावर येते. जुन्या थारचं तसं झालं नाही. तेरा वर्षांपूर्वी जी नवी सहा-सात लाखांना पडली, तिला आज कुणी सव्वापाच मागतो आणि त्याला ते मिळण्याची आशाही असते, याचा अर्थ तिची पडायची ती किंमत पडून गेली आहे. नीट गाडी घेतली, नीट ठेवली, तर चार वर्षांनी विकताना फार मोठा खड्डा पडू नये. या एका मुद्द्यावर तिच्यासारखं वसूल होणारं दुसरं वाहन क्वचितच.

पण हा भाव टिकला त्याचं एक कारण म्हणजे नवी थार महाग होती. ते कारण आता थोडं ढासळलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, आणि पुढच्याच महिन्यात सुधारित थार ९ लाख ९९ हजारांपासून आली. हा शोरूमचा भाव. रस्त्यावर आणायला आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला १३ टक्के कर, शिवाय विमा. तरीही नव्याचा भाव उतरला की जुन्यानं उतरायला हवं. जुन्याचे मालक मात्र अजून जुन्याच तोऱ्यात बोलतात. तेव्हा मागणाऱ्यानं घासाघीस करायला लाजू नये.

दुसरी गोष्ट पासिंगची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ही २०१२ ची, म्हणजे २०२७ ला पेठ रोडच्या आरटीओत उभी राहणार. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना ते १०,००० केलं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हे सगळं पाच-पाच वर्षांसाठी असतं, त्यामुळे महिन्यावर पसरलं तर फार नाही. दीड लिटरवरच्या इंजिनाला नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी. डिझेल नव्वदच्या आसपास धरा, सरासरी बाराची धरा. महिन्याला सहाशे किलोमीटर म्हणजे साडेचार हजार. जाड टायरचा एक संच आणि क्लचचं एक काम, की वर्षाचा बोनस संपला. बँकाही जुन्या गाडीला नव्यापेक्षा चढं व्याज लावतात. तरुणाचा चेहरा इथंवर शांत होता. हे त्यानं आधीच धरलं होतं, हुशार आहे.

तिसरी गोष्ट आम्ही गाडीसमोर उभं राहून पाहिली. ही गाडी ‘सजवलेली’ होती. पुढं लोखंडी बुलबार, चाकं मापापेक्षा मोठी, टपाऐवजी कुठल्या तरी वर्कशॉपात बनवलेलं पक्कं छत. बुलबारवर केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मोटार वाहन कायद्याबाहेर जाऊन बदल करता येत नाहीत. मालक या सजावटीचे पन्नास हजार जास्त धरत होता. खरं तर ते वजा करायला हवेत, कारण आरटीओत जाण्याआधी सगळं काढून मूळ वस्तू बसवायच्या, तो खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर. आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण.

मूळ वस्तू कुठून आणायच्या, हाही प्रश्नच. एके काळी याचं उत्तर सोपं होतं: अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेनं मोठ्या बंदोबस्तात तो हटवला. अनधिकृत होता, त्याचा त्रासही होता, हे खरं. पण जुन्या गाडीवाल्यांची ती मंडईही होती. इंजिनाचे भाग आजही मिळतात, कारण त्याच कुळातली इंजिनं स्कॉर्पिओत फिरली. पत्र्याचे आणि टपाचे भाग मात्र शोधावे लागतात. म्हणून जुनी थार पाहताना बॉनेट उघडण्याआधी पायाखालची मॅट उचला. कापडी टपातून गळलेलं इगतपुरी-त्र्यंबकचं पाणी तिथं वर्षानुवर्षं साठतं आणि तळाचा पत्रा खातं. आम्ही मॅट उचलली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते आत गेलं.

इथपर्यंतचं सगळं पैशांत मोजता येतं. पत्रा बदलता येतो, भाव पाडता येतो. चौथी गोष्ट तशी नव्हती. मी त्याला म्हटलं, “मुलीला बसवून बघ.” त्यानं मागचं दार उघडलं. जुन्या थारला मागं दोन बाकं असतात, समोरासमोर, जुन्या काळीपिवळी जीपसारखी. माणूस तिथं आडवा बसतो. गाडीनं कचकन ब्रेक दाबला, की बसलेला पुढं नाही, बाजूला फेकला जातो. आणि मानेला त्या बाजूनं आधार काहीच नसतो. लहान मुलाची खुर्ची त्या बाकावर नीट बांधताच येत नाही. या गाडीत एअरबॅग नाही. एबीएस जुन्या थारला २०१९ मध्ये, शेवटी शेवटी मिळालं. २०१२ च्या गाडीत ते असण्याचा प्रश्नच नाही. नव्या थारला २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले, पण तिचा दाखला जुनीला लावता येत नाही. नाव एक असलं तरी गाड्या वेगळ्या आहेत. विक्रेते ही गल्लत मुद्दाम करतात, आपण करू नये. आणि २०२५ मध्ये तर बाजारातल्या सगळ्यात साध्या अल्टोलाही सहा एअरबॅग मिळाल्या. तिचा शोरूम भाव चार लाखांच्या आत सुरू होतो.

तेव्हा माझं मत मी त्याला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. ज्याच्या घरी दुसरी, रोजच्या वापराची गाडी आहे, ज्याला महिन्यातून दोन-तीन रविवार अंजनेरीच्या पायथ्याला नाहीतर भावलीच्या बाजूला जायचं आहे, मागच्या बाकावर ज्याला पिशव्याच ठेवायच्या आहेत, जो स्वतः पाना हातात धरू शकतो, त्याच्यासाठी जुनी थार आजही सौदा आहे. सजावट न केलेली, तळ शाबूत असलेली शोधावी. जमल्यास २०१५ नंतरची, कारण त्या वर्षीच्या बदलांत मागच्या चाकांना लॉक होणारा डिफरन्शिअल मिळाला आणि चिखलात त्याचा उपयोग होतो. एवढा आनंद, एवढ्या कमी घसाऱ्यात, दुसरी गाडी देत नाही. ज्याची ती घरातली एकुलती एक गाडी असणार आहे, त्याला मात्र ती सव्वापाचालाच काय, साडेतीनालाही महाग आहे. ‘घरच्यांसाठी’ हा शब्द त्या बाकावर बसत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चाचा, पण बोलेरोत मजा नाही ना.” मी म्हटलं, नाही. हे मान्य करायलाच हवं. मजा नसते म्हणूनच ती घरच्यांना नेते.

ग्रॅच्युइटीचे दोन लाख अजून बँकेत आहेत. त्यानं एक पाच वर्षांची साधी गाडी पाहून ठेवली आहे, पण त्या रस्त्यानं जाताना मोटारसायकल अजून हळू करतो, हे मी पाहिलं आहे. ती थार गॅरेजसमोरच उभी आहे. मालक चार लाख ऐंशीपर्यंत खाली आला. बुलबार त्यानं काढून टाकला आहे, आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरून निळी ताडपत्री बांधली आहे.